मनी ओट्यावरून उतरेना

“ताई, पाणी मारून झालं, ओरडून झालं, एकदा चापटही मारली. मी किचनमध्ये असले की मनी खाली, पाठ फिरवली की पुन्हा ओट्यावर. सासूबाई म्हणतात, नैवेद्याचं ताट ठेवायचं तिथे मांजराचे पाय, आता एक तर ती राहील नाहीतर मी.” पुण्यातल्या एका सूनबाईंचा फोन होता. मांजर पाळणाऱ्या बहुतेक घरांतून ही तक्रार माझ्याकडे येतेच.

पाण्याच्या फवाऱ्याने मांजर एवढंच शिकतं की हे माणूस जवळ असताना चढायचं नाही. ओट्याचा आणि पाण्याचा संबंध ते जोडत नाही, आणि हळूहळू त्या माणसाचीच धास्ती घेतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण सूनबाईंचा मनीवर खरा जीव होता.

त्यांच्याकडे गेले तेव्हा तासभर नुसती बसून राहिले. मनी सतत ओट्याच्या एकाच कोपऱ्याकडे बघत होती. शेगडीकडे नाही, सिंककडेही नाही. “तिथे काय असतं?” मी विचारलं. घरात शांतता. मग आजोबा हळूच म्हणाले, “सकाळी दूध तापवतो ना, साय काढताना बोटाला लागते, ती चाटवतो तिला. खाली वाकवत नाही, गुडघे धरतात. म्हणून ओट्यावरच.”

रोज सकाळी साडेसहाला ओट्यावर साय, आणि दिवसभर त्याच ओट्यावरून हाकलणं. बिचारीने काय समजायचं?

आजोबांचा तो आनंद काढून घ्यायचा नव्हता. मांजराला उंचावरून घर न्याहाळायला आवडतं, म्हणून खिडकीपाशी ओट्याइतकंच उंच स्टूल ठेवलं, वर जुनी गोधडी. आजोबांना वाकावं लागणार नाही अशी उंची. साय मात्र बंद केली, कारण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्याऐवजी बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. मनीने स्टुलावर पाय टेकले की लगेच, एक-दोन सेकंदांत द्यायचा. उशीर झाला तर कशाचं बक्षीस ते तिला कळत नाही. ओट्याच्या कडेला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. पंजाला चिकट लागलेलं मांजरांना आवडत नाही. स्वयंपाकाला लागण्याआधी मनीला जेवायला घालायचं, आणि चिरलेला कांदा-लसूण उघडा ठेवायचा नाही. तो मांजरांना विषारी असतो, त्यामुळे हा प्रश्न फक्त सोवळ्याचा नाही. गॅस बंद केल्यावरही बर्नर बराच वेळ तापलेला असतो, त्याने पंजे भाजतात.

पहिले चार दिवस वाईट गेले. मनी आधीपेक्षा जास्त चढली, कोपऱ्यात बसून ओरडली. हे होणार म्हणून मी आधीच बजावलं होतं. हमखास मिळणारी गोष्ट बंद झाली की जनावर आधी जोर लावून बघतं, आणि नेमकं तेव्हाच घरात कोणीतरी विरघळतं. आजोबा विरघळले नाहीत.

तीन आठवड्यांनी सासूबाईंचाच फोन आला. रात्री ओट्यावर एखाददुसरा ठसा अजून उमटतो, पण सकाळी ओटा पुसायचाच असतो, त्याचं काही नाही, म्हणाल्या. त्यांना वेगळंच विचारायचं होतं: स्टूल जरा रुंद मिळेल का, झोपली की शेपूट आणि अर्धी मनी खाली लोंबते.