नर्मदा परिक्रमेला निघतोयस? आधी घ्यायला शीक

तू इंदूरचा, म्हणजे ओंकारेश्वर तुला घरचंच. पण चातुर्मास संपल्यावर तिथून पायी निघालास की पहिली अडचण पायांची नसते, संकोचाची असते. नर्मदा १३१२ किलोमीटर, आणि चालायचे दोन्ही काठ. वाटेत कुणीतरी हाक मारणारच, "नर्मदे हर! बाबाजी, चाय पी लो." आपल्या तोंडून लगेच "नको, नको" निघतं. ते आवर. बस, चहा घे. परिक्रमावासीची सेवा ही त्या घराला हवीहवीशी गोष्ट असते. पैसे पुढे करणं तर नकाराहून वाईट.

सदावर्तात, म्हणजे परिक्रमावासींना फुकट अन्न देणाऱ्या ठिकाणी, बहुधा कोरडा शिधा मिळतो: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ. शिजवायचं आपण. म्हणून छोटं पातेलं आणि काडेपेटी ठेव. लागेल तेवढंच घे, साठवायचं नाही, अशी रीत आहे. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या जंगलात, भिल्ल वस्त्यांमध्ये काही घरांत त्यांचंच जेमतेम भागतं, तरी भाकरी पुढे येते. तिथे मात्र अर्धीवर थांब, कितीही आग्रह झाला तरी.

मुक्कामाला उजेडी पोहोच. अपरात्री दार वाजवलं तर कुणीही बिचकेल. निघताना ओसरी झाडून दे, जमल्यास हापशावरून पाणी भर. फोटो विचारून.

आणि सियागंज बाजारातून किलोकिलो सुकामेवा घेऊन पाठ मोडून घेऊ नकोस. आई ऐकणार नाही, ते वेगळं.