विधेयक मुंबईत, सूचना आपल्या गावातून

मतदान आणि आरोग्य यांविषयी राज्याच्या विधिमंडळात होणाऱ्या कायद्यांवर सामान्य माणसाने आपले म्हणणे कसे मांडायचे, याबद्दल कोकणातल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

आमच्याकडे काजूच्या हंगामात माकडतापाची धास्ती असते. आजार वाढला की पेशंट थेट गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचा. आरोग्याच्या कायद्यावर आम्ही बायकांनी काय लिहायचे? ते आमदारांचे काम ना? (दोडामार्ग)

ताई, सभागृहात हात वर करणे हे आमदारांचे काम. पण विधेयकातल्या एखाद्या वाक्याने तुमच्या घरात काय होणार, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे? सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेप्रमाणे राज्यसूचीतला विषय आहे. म्हणजे याचे बहुतेक कायदे दिल्लीत नव्हे, आपल्याच विधिमंडळात होतात.

राजस्थानात काय झाले ते पाहा. तिथे 2022 मध्ये आरोग्य हक्काचे विधेयक मांडले गेले, ते प्रवर समितीकडे (विधेयक तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे) गेले आणि मार्च 2023 मध्ये मंजूर झाले. तातडीच्या वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार द्यावेत, ही त्यातली मोठी तरतूद. त्यावर खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि सरकारला त्यांच्याशी समझोता करावा लागला. डॉक्टरांनी आपले म्हणणे मांडले यात काही गैर नाही. पण संघटना असलेल्यांचा आवाज पोचतोच. काजूच्या बागेत गोचीड चावून तापाने फणफणलेल्या बाईचा आवाज कोण पोचवणार?

असा कायदा उद्या आपल्याकडे आला, तर सिंधुदुर्गातून विचारण्याजोगा एक प्रश्न मुंबईत बसून कुणाला सुचणार नाही. राज्याच्या कायद्याचा अंमल गोव्याच्या हद्दीवर संपतो आणि तुमचा पेशंट तर हद्द ओलांडून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातो. मग त्याच्या हक्काचे काय? सूचना अशी लिहा (खंड म्हणजे विधेयकातले क्रमांक दिलेले कलम): ‘खंड अमुक. राज्यातील रहिवाशाला जवळचे मोठे रुग्णालय शेजारच्या राज्यात असल्यास तेथील उपचारखर्चाची व्यवस्था करण्याची तरतूद या खंडात घालावी. कारण: दोडामार्ग तालुक्यातील रुग्ण बांबोळीला न्यावे लागतात.’ खाली नाव, गाव, सही. ‘आरोग्यसेवा सुधारा’ एवढेच लिहिलेल्या पत्रातून समितीच्या हाती काही लागत नाही.

विधेयक आले हे आम्हाला कळते तेव्हा ते मंजूर झालेले असते. मग लिहायचे कधी? (देवगड)

तक्रार रास्त आहे. काही विधेयके मांडल्यावर दोन-चार दिवसांत मंजूर होतात, आणि हे मला अजिबात पटत नाही. केंद्राने 2014 मध्ये आपल्या मंत्रालयांसाठी धोरण ठरवले की मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. राज्यातही तेवढी मुदत द्यावी, ही मागणी तुम्ही आमदारांकडे लेखी करायलाच हवी.

तोवर तीन वेळा नजर ठेवा. पहिली, अधिवेशनाच्या आधी. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयके मराठीत मिळतात. आधी शेवटी छापलेले उद्देश व कारणांचे निवेदन वाचा, मग खंड वाचा. दुसरी वेळ, विधेयक संयुक्त समितीकडे (दोन्ही सभागृहांतल्या आमदारांच्या समितीकडे) गेले तर. विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी समितीने लोकांकडून सूचना मागवल्या, 12 हजारांहून अधिक आल्या आणि जुलै 2025 मध्ये काही बदलांसह ते मंजूर झाले. बदल पुरेसे होते का यावर वाद आहे. पण तेवढेही पत्रांवाचून झाले नसते. तिसरी वेळ बहुतेक जण विसरतात. कायदा झाल्यावर त्याखालचे नियम होतात, त्यांचा मसुदा बहुतेकदा राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) येतो आणि हरकतींसाठी मुदत मिळते. फी किती, अर्ज कुठे, दंड कोणाला, हे सगळे तिथे ठरते.

मी लालबागला राहतो, गाव गुहागर तालुक्यात. मतदार यादीत नाव मुंबईचे. सरपंच कसा निवडावा यावर मी बोलू शकतो का? गावातही नाव घालावे असे भाऊ म्हणतो. (मुंबई)

सूचना पाठवायला त्या गावचा मतदार असण्याची अट नाही, तेव्हा जरूर लिहा. नाव मात्र एकाच ठिकाणी. दोन मतदारसंघांत नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. भावाला हे प्रेमाने सांगा.

विधानसभा-लोकसभेच्या मतदानाचे कायदे संसद करते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपंचायतीचे राज्य करते. सरपंच थेट लोकांतून निवडायचा असे 2017 मध्ये ठरले, 2020 मध्ये ते बदलून सदस्यांनी निवडायचा असे झाले, 2022 मध्ये पुन्हा थेट. पाच वर्षांत दोनदा उलटापालट, आणि यात वाडीवाडीतल्या माणसाला कोणी विचारले? थेट सरपंच एका पक्षाचा आणि सदस्य दुसऱ्या पक्षाचे, अशा ठिकाणी पाखाडीचे (गावातल्या दगडी पायवाटेचे) साधे कामही अडते. दुसरीकडे सदस्यांनी निवडायचा म्हटले की पळवापळवी होते. माझा कल थेट निवडीकडे आहे. पण तुमच्या गावचा अनुभव उलट असेल तर तोच लिहा. आणि भावाला सांगा, ग्रामसभेत विषय काढून ठराव करून घ्या. गावाच्या ठरावाचे वजन एकट्याच्या पत्राहून जास्त.

खासगी हॉस्पिटलने दरपत्रक लावलेले नाही. नवा कायदा मागू का? (चिपळूण)

आधी असलेला वापरा. शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नोंदणीच्या 2021 मधल्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. नोंदणी करणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. दाद लागली नाही, तर ती पोच जोडून आमदारांना लिहा. नियमात कुठे दुरुस्ती हवी ते त्या कागदावरूनच दिसेल.

वकील लागतो का? पत्र कोणाला द्यायचे? (अलिबाग)

वकील नको, मराठी पुरे. समितीने सूचना मागवल्या असतील तर विधानभवनात समितीच्या पत्त्यावर, नाहीतर आपल्या आमदारांना. विधान परिषदेलाही विसरू नका. विधेयक तिथेही जाते. कोकण पदवीधर मतदारसंघाचा आमदार पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पदवीधरांचा आहे. त्याची मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळचे नाव आपोआप राहत नाही. घरात कोणी पदवीधर असेल तर पुढच्या नोंदणीत त्याचा अर्ज भरून घ्या.