झिरो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान, ओरिजिनल जपानी इंजिनावर उडणारं अजून आहे का?

हो आहे, कॅलिफोर्नियात चिनोच्या प्लेन्स ऑफ फेम म्युझियमकडे. शेपटीवर ६१-१२० लिहिलेलं ए६एम५ मॉडेलचं झिरो, १९४४ ला सायपान बेटावर अमेरिकन लोकांच्या हाती लागलेलं, त्यात नाकाजिमाचं साकाए इंजिनच आहे. बाकी उडणाऱ्या झिरोंमध्ये प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३० टाकतात, आपल्या एअरफोर्सच्या डाकोटा मालवाहू विमानाला असायचं तेच, कारण दोन्ही १४ सिलिंडरची दोन रांगांची रेडियल, म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेली इंजिनं, साइज जवळपास सेम, त्यामुळे इंजिन धरणारा सांगाडा (माउंट) बदलून बसतं आणि स्पेअर मिळतात, साकाएचे आता आणणार कुठून! फक्त ओरिजिनल हे इंजिनापुरतं धरा, झिरोचं ॲल्युमिनियम मिश्रधातू आतून गंजून पापुद्रे सुटतात, म्हणून रिस्टोअर करताना बराच पत्रा नवाच घालावा लागतो.