इटालियन येत नाही, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. तरीही गावातल्या ऑर्केस्ट्राचा 'ला बोएम' ऐकायला जावं का?

तुम्ही लिहिलंय, की तुमच्या गावातला हौशी ऑर्केस्ट्रा इटालियन संगीतकार पुच्चिनींचा 'ला बोएम' हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, कॉन्सर्ट स्वरूपात करणार आहे. आयुष्यात ऑपेरा कधी पाहिलेला नाही, भाषा कळत नाही, आणि त्यात रंगमंचावर घर नाही, पलंग नाही, पोशाख नाहीत. मग बघायचं काय, हा तुमचा प्रश्न. जरूर जा. मी इंग्लंडमधल्या एका लहान गावात अशाच एका ऑर्केस्ट्रात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवते. आम्ही हाच ऑपेरा याच पद्धतीनं केला, म्हणून आत बसून जे दिसलं ते सांगते.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की मिरजेतल्या माझ्या आईच्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम येतो. आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे पन्नास-साठ माणसं. कुणी शाळेत शिकवतं, कुणी दातांची डॉक्टर, बरेचसे निवृत्त. आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चच्या हॉलमध्ये तालीम, मध्ये चहा. मानधन फक्त कंडक्टरला, म्हणजे समोर उभं राहून हाताच्या इशाऱ्यांनी सगळ्यांना एकत्र ठेवणाऱ्याला, आणि मुख्य गायकांना.

कॉन्सर्ट स्वरूप म्हणजे काय, हे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं: अभिवाचन. नाटकाची संहिता हातात धरून नट उभे राहतात आणि तरीही नाटक होतं, तसंच हे. नाट्यपदांच्या मैफलीसारखी निवडक पदं इथे नसतात. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत सगळं गायलं आणि वाजवलं जातं. चार अंक, साधारण पावणेदोन तासांचं संगीत, वर मध्यंतर. नेपथ्य, प्रकाशयोजना, पोशाख आणि रंगमंचावरच्या कित्येक आठवड्यांच्या तालमी यांचा खर्च वाचतो, म्हणूनच लहान गावाला ऑपेरा परवडतो. पण याला गरिबांची सोय समजू नका. 'ला बोएम'चा पहिला प्रयोग १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरीनला झाला, तेव्हा कंडक्टर होते अठ्ठावीस वर्षांचे आर्तुरो तोस्कानिनी. बरोबर पन्नास वर्षांनी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, त्याच तोस्कानिनींनी न्यूयॉर्कच्या रेडिओ स्टुडिओत हा ऑपेरा पुन्हा उभा केला, तो कॉन्सर्ट स्वरूपातच. त्याचं रेकॉर्डिंग आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस मध्येच गायकांबरोबर गुणगुणताना स्पष्ट ऐकू येतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाक अर्धा टाकून बसून राहिले होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बघायचं काय.

ऑपेरा हाउसमध्ये वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खोलगट जागेत, अंधारात बसतो. कॉन्सर्टमध्ये तो तुमच्या समोर, उजेडात असतो. आणि पुच्चिनींनी अर्धी गोष्ट वाद्यांकडे सोपवलेली आहे. पहिल्या अंकात पॅरिसमधल्या माळ्यावर चार मित्र थंडीनं कुडकुडत असतात. कवी रोदोल्फो ऊब मिळावी म्हणून स्वतःच्या नाटकाचं हस्तलिखित शेगडीत टाकतो. ज्वाळा कशी धरते, भडकते आणि कागद संपल्यावर कशी विझत जाते, हे सगळं वाद्यांत आहे. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोन जोरदार आघात होतात, आणि मग फ्लूट आणि हार्प एकेक तुटक सूर खाली सोडतात. फेब्रुवारीतली पहाट, शहराच्या वेशीवर बर्फ पडतंय. आमच्या फ्लूटवाल्या बाई ओठ जेमतेम हलवून ते सूर वाजवायच्या. चर्चच्या दगडी भिंतींना ते सूर लागून परत यायचे, आणि तालमीतसुद्धा आम्ही बाकीचे श्वास धरून बसायचो. खोटं बर्फ कशाला हवं?

आणखी एक गोष्ट समोरून दिसते, ती म्हणजे साथ. मी लहानपणी सांगलीला संगीत नाटकं पाहिली आहेत. रंगमंचापाशी बसलेल्या ऑर्गनवाल्याची नजर नटाच्या चेहऱ्यावरून हलत नसे. नटानं आलाप लांबवला की ऑर्गन थांबून वाट पाही, त्यानं समेवर यायचं ठरवलं की तबला आधीच तिथे हजर. पुच्चिनींच्या संगीतात पन्नास-साठ जणांनी मिळून हे करायचं असतं. वेग दर दोन-चार ओळींनी बदलतो. स्वरलिपीत जागोजागी 'गाण्याबरोबर जा' अशी सूचना असते. कॉन्सर्टमध्ये तर गायक कंडक्टरच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे, म्हणजे त्यांना कंडक्टर नीट दिसत नाही आणि आम्हाला त्यांची तोंडं दिसत नाहीत. मग कंडक्टर गायकाचे खांदे बघतो. श्वास घेताना खांदे वर येतात, त्यावरून हात खाली कधी आणायचा ते ठरतं. तिसऱ्या-चौथ्या तालमीनंतर मलाही ते खांदे वाचता यायला लागले. हिंदुस्थानी व्हायोलिन शिकताना गुरुजी 'कान गायकाकडे ठेव' म्हणायचे. ते इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, व्हायोला हातात असताना उमगलं.

मोठी अडचण आवाजाची. वाद्यवृंद खाली नसल्यामुळे गायक सहज बुडतो. आम्ही जिथे 'मोठ्यानं' लिहिलंय तिथे मध्यम वाजवायचो, जिथे मध्यम तिथे हळू. तरी काही ठिकाणी टेनर, म्हणजे रोदोल्फो गाणारा उंच आवाजाचा गायक, झाकला गेलाच. म्हणून पुढच्या रांगेचं तिकीट घेऊ नका. सभागृहाच्या मध्यापासून मागे बसा, सज्जा असेल तर सज्जात.

एक कमतरता आहेच, तीही सांगते. दुसरा अंक कॉन्सर्टमध्ये पडतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळचा बाजार, कॅफे, पोरं, खेळणीवाला, सैनिकांचं संचलन, आणि बूट चावतोय असं ओरडून म्हाताऱ्या आशिकाला पिटाळणारी मुझेत्ता. हे डोळ्यांनी बघायचं नाट्य आहे. आमच्याकडे शाळेतल्या मुलांचं कोरस इतकं सुंदर गायलं, पण बुटाच्या प्रसंगावर कुणी हसलं नाही, कारण काय चाललंय तेच कळलं नाही. हा अंक वीस मिनिटांच्या आत संपतो. तेवढा निव्वळ संगीत म्हणून ऐका.

भाषेची काळजी सोडा. बहुतेक ठिकाणी भाषांतर पडद्यावर दाखवतात. तुमच्याकडे दाखवणार आहेत का, ते आयोजकांना विचारून घ्या. पण माझं ऐकाल तर आदल्या दिवशी गोष्ट दोनदा वाचा आणि सभागृहात पडद्याकडे कमी बघा. पूर्ण ऑपेरा आधी ऐकून जाऊ नका. एकच गाणं ऐका: पहिल्या अंकात मिमी स्वतःची ओळख करून देते ते, 'मला मिमी म्हणतात'. विझलेली मेणबत्ती पेटवायला शेजारची ही शिवणकाम करणारी मुलगी रोदोल्फोच्या दारात येते, अंधारात किल्ली हरवते, शोधताना हाताला हात लागतो. ती चाल डोक्यात ठेवा. चौथ्या अंकात क्षयानं खंगलेली मिमी त्याच खोलीत परत येते तेव्हा वाद्यं तीच चाल घेऊन येतात, आणि तुम्हाला एक शब्द न कळता सगळं कळेल.

आमच्या प्रयोगात किल्ली नव्हती, मेणबत्तीही नव्हती. दोघं हातभर अंतरावर उभे, पुढे स्टँडवर स्वरलिपी. 'किती गार हा इवलासा हात' हे गाणं सुरू करण्याआधी टेनरनं फक्त स्टँडवरचा हात काढून तळवा वर करून बाजूला धरला. तिनं त्यात हात दिला नाही, नुसतं त्या तळव्याकडे पाहिलं. अंकाच्या शेवटी दोघं गात गात बाजूच्या दारानं बाहेर गेले आणि शेवटचा वरचा सूर बाहेरच्या अंधारातून आत आला. पुच्चिनींनीही तो सूर रंगमंचाबाहेरूनच लिहिलाय.

चौथ्या अंकात मिमी जाते तेव्हा गोंगाट नसतो. पुच्चिनींनी हस्तलिखितात त्या जागी कवटी आणि हाडं काढून ठेवली आहेत, पण संगीत मात्र जवळजवळ थांबलेलं. मिमी गाणाऱ्या आमच्या सोप्रानोनं फाइल मिटली आणि ती खुर्चीवर बसली. एवढंच. मित्रांना कळतं, प्रेक्षकांना कळतं, रोदोल्फोला अजून कळलेलं नसतं. तो गात नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात विचारतो: हे काय येणं-जाणं चाललंय, माझ्याकडे असं का बघताय? त्या वेळी आम्ही सगळे वादक खरोखरच त्याच्याकडे बघत होतो, कारण पुढचा आघात त्याच्या शब्दांवरून पकडायचा होता. तुम्ही मिमीच्या खुर्चीकडे बघू नका. त्याच्याकडे बघा, आणि त्याच्या मागे ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले वाद्यं ओठांना लावून वाट बघत बसलेले दिसतील, त्यांच्याकडे.