परदेशात वाढलेल्या भारतीय मुलांवरचा, ठाण्यात आईबाबांसोबत बसून बघण्यासारखा सिनेमा कोणता?

‘द नेमसेक’ (२००६) लावा. झुंपा लाहिरींच्या कादंबरीवर मीरा नायरने केलाय. आईबाप तब्बू आणि इरफान, मुलगा काल पेन. नौपाड्यात सासूबाईंबरोबर पाहिला, म्हणून खात्रीने सांगते. अमेरिकेत जन्मलेल्या बंगाली मुलाचं घरात हाक मारायचं नाव, गोगोल, थेट कागदावर चढतं आणि पुढे त्याला त्याचीच लाज वाटते. आपल्याकडे घरी बाळ्या, शाळेत बाळकृष्ण, तसंच. त्यामुळे ज्येष्ठांना समजावून सांगावं लागत नाही. नातवंडं न्यू जर्सीत असतील तर रुमाल जवळ ठेवा. फक्त संवाद बरेचसे इंग्रजीत, थोडे बंगालीत, तेव्हा सबटायटल्स चालू करा. एकदोन जवळिकीचे प्रसंगही आहेत. रिमोट तुमच्याच हातात असू द्या.