घणसोलीच्या आमच्या पणजोबांच्या आधीच्या पूर्वजांची नावे कोठे सापडतील?
घणसोली ठाणे तालुक्यात येत असल्याने तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि जमिनीचे जुने फेरफार (हक्कातील बदलांच्या नोंदी) यांच्या नकलांसाठी अर्ज करावा. माझ्या मते फेरफार अधिक मोलाचे, कारण खातेदार मयत झाल्यावर वारस लावताना मुलगे, मुली, विधवा पत्नी अशी नाती एकाच नोंदीत लिहिलेली सापडतात. जुनी पाने अनेकदा मोडी लिपीत असतात. त्यांचे स्पष्ट छायाचित्र दिल्यास मी आनंदाने लिप्यंतर करून देईन. घराण्यातील कोणी त्र्यंबकेश्वरला विधी केले असल्यास तेथील तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही पाहाव्यात. मात्र जाताना मूळ गाव आणि आडनाव नक्की माहीत असावे.