दोन रंगी नक्षीचा लोकरी मोजा टाचेवरून चढत नाही, काय करावं?

नक्षीच्या भागापुरती एक नंबर जाड सुई घ्या आणि मागचे धागे सैल सोडा. (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा मोठा तशी सुई बारीक, म्हणजे १२ असेल तर ११ घ्यायची.) साधी वीण ताणली जाते, नक्षीत मात्र न वापरलेला रंग मागून आडवा जातो, तो ताणत नाही. आणि मोज्याला टाच ते पायाचा वरचा उंचवटा हा सर्वांत मोठा घेर पार करायचा असतो, म्हणून तिथेच अडतं. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी नीट पसरवा, मगच नवा धागा ओढा. मोजा चार-पाच सुयांवर गोल विणताना दोन सुया मिळतात त्या कोपऱ्यात मागचा धागा हमखास आखडतो; मोजा उलटा करून, मागची बाजू बाहेर ठेवून विणलात तर धागा कोपऱ्याला बाहेरून वळसा घेतो आणि आपोआप लांब पडतो. पाच टाक्यांहून लांब धागा मध्ये एकदा अडकवा, नाहीतर घालताना बोटं गुंततात. हे सगळं थोडक्यासाठी अडत असेल तरच. ताणूनही दोन-तीन सेंटीमीटर कमी पडत असेल, तर उसवून नक्षीच्या एका आवर्तनाइतके टाके वाढवावेच लागतील.